तीन नंबरच्या गोदामाची सुई

दिग्रसच्या एका जिनिंग आणि तेल गिरणीत मी वायरमन म्हणून लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. गावात वीज येऊन थोडेच दिवस झाले होते. गिरणीनं जुनं इंजिन आणि त्याचे लांबलचक पट्टे काढून टाकले होते आणि प्रत्येक जिनला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला, वेगळी मोटर बसवली होती. त्या मोटरी सांभाळायला शिकलेला माणूस हवा होता, आणि मी नागपूरला दीड वर्ष वीजकाम शिकून आलो होतो.

वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परत आल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडली ती सोडलीच. मला शिकायला पाठवताना ते म्हणाले होते, "हात काळे झाले तरी चालन, पण काम असं कर का कोणी बोट नाही ठेवलं पायजे." ते वाक्य मी पहिल्या दिवसापासून डोक्यावर घेऊन फिरत होतो. गिरणीत आमच्या वस्तीतले हमाल होते, मजुरी करणाऱ्या रेजा होत्या. कमरेला पक्कड अन् टेस्टर लावून फिरणारा मी एकटाच. माझी चूक झाली तर ती माझ्या एकट्याची धरली जाणार नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

कापसातून निघालेली सरकी तीन मोठ्या टिनाच्या गोदामांत ढीग करून ठेवत. सरकीत थोडी जरी ओल राहिली तर ढीग आतून तापतो. वरून काही दिसत नाही. आत सरकी करपत जाते आणि वेळेवर कळलं नाही तर पेट घेते. आदल्या हंगामात एक ढीग असाच काळा पडला होता. म्हणून मालकांनी मुंबईहून उष्णता मोजायचं यंत्र मागवलं. प्रत्येक ढिगात मधोमध एक लोखंडी नळी खुपसलेली, नळीच्या पोटात, नळीला टेकून, दोन निराळ्या धातूंच्या तारा एकमेकींना जोडलेल्या. तो जोड तापला की तारांत अगदी बारीक वीज तयार होते. ती वीज तारांवरून दोनशे पावलांवरच्या मोटर-खोलीत यायची आणि तिथल्या तबकडीवरची सुई हलवायची. तबकडीखाली एक मूठ होती. ती एकवर फिरवली की एक नंबरच्या गोदामाची उष्णता दिसे, दोनवर दोनची, तीनवर तीनची. आकडे ताप मोजतात त्याच अंशांत होते. नव्वद-पंच्याण्णव म्हणजे ढीग ठीक. एकशेतीसवर लाल रेघ.

मुंबईचा फिटर दोन दिवसांत सगळं बसवून निघून गेला. जाताना मला म्हणाला, "यात बिघडण्यासारखं काही नाही."

त्याआधी हे काम एक बाई करायची. जवळच्या तांड्यावरची बंजारा बाई, साठीच्या पुढची, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. सगळी गिरणी तिला याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ती माणसाच्या उंचीच्या लोखंडी सळया ढिगात जागोजागी खुपसून ठेवी आणि तासाभरानं एकेक उपसून तळहातानं चाचपी. सळई कोमट लागली तर मान हलवी, गरम लागली तर मुकादमाला हाक मारी. यंत्र बसलं त्या दिवशी मॅनेजरसाहेब माझ्यासमोरच मुकादमाला म्हणाले, "हे नीट चाललं का बाईचं काम नाही उरत. हंगाम संपेपर्यंत राहू दे तिले."

याडी तिथेच सळया पुसत उभी होती. तिनं ऐकलं असणार. मी मान वळवून तबकडीकडे पाहू लागलो.

सुई पहिल्या दिवसापासून स्वस्थ नव्हती. सकाळी जिना सुरू झाल्या की ती थरथरायला लागे, इतकी की तिच्या जागी धुरकट पट्टा दिसावा. एक आणि दोनवर निदान त्या पट्ट्याचा मधला भाग धरून आकडा वाचता येई. तीनवर मात्र ती मधेच उसळून एकदम चढायची. पंधराव्या दिवशी ती एकशेचाळीसवर गेली. मी धावत जाऊन मॅनेजरना सांगितलं. वीस माणसं लावून तीन नंबरचा ढीग फोडला. दुपारभर टिनाखाली माणसं घामानं भिजली आणि आत सरकी थंडगार निघाली.

मी जोड आवळले, तबकडी पुसली, मुठीचे संपर्क घासले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा ढीग फोडला, पुन्हा थंड. या वेळी हमाल माझ्याकडे पाहत गेले. मॅनेजर मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "तुले मोटरी येतात, हे नाही येत, तर तसं सांग. काहून लोकायचा जीव घेतो?"

मी "पाहतो, साहेब" एवढंच म्हणालो. मोटर-खोलीत येऊन बसलो. जेवणाची सुट्टी होती, खोलीत कोणी नव्हतं. मी तबकडीचं मागचं झाकण उघडलं, तीन नंबरच्या तारा काढून कागदात गुंडाळल्या आणि मुठीचं तीनचं टोक एकच्या टोकाला जोडून टाकलं. आता मूठ तीनवर फिरवली तरी सुई एक नंबरच्या गोदामाचीच उष्णता दाखवणार होती. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. झाकण लावलं. दोन मिनिटांचं काम.

मी स्वतःला सांगितलं, खोट सापडेपर्यंतच.

ते तीन दिवस मला अजून आठवतात. मॅनेजर येऊन मूठ फिरवत आणि म्हणत, "आता बसलं वाटते ठिकाणावर." मी हो म्हणायचो. जेवण जात नव्हतं. मोटरीतला झिजलेला कार्बनचा कोळसा बदलताना मन तीन नंबरच्या टिनाखाली असे. दर तासाला काही ना काही निमित्त काढून मी त्या गोदामाच्या दाराशी जाऊन वास घ्यायचो. याडीनं एकदा विचारलं, "काय हुंगून राह्यला बेटा?" मी म्हणालो, "उंदीर मेला वाटते."

"मले तर नाही येत वास," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

खोट शोधायची तर ती कधी दिसते हे आधी कळायला हवं, एवढं मला शिकवलं होतं. मी तीन नंबरच्या मोकळ्या तारांना माझ्याजवळचा लहानसा मीटर लावला आणि एका वहीत वेळा लिहायला लागलो. त्याचा काटा जाड होता, अंश काही कळत नव्हते. पण तारांत थरथर आहे की नाही आणि उसळी कधी येते एवढं समजत होतं. जिना बंद असल्या की थरथर नाही. जिना चालू की थरथर. हे सरळ होतं: मुंबईच्या फिटरनं आमच्या दोन बारीक तारा मोटरींच्या जाड तारांच्या अगदी कुशीतून, त्याच खांबांवरून, त्याच भिंतीवरून नेल्या होत्या. जाड तारांतल्या विजेची धग त्यांना लागत होती. पण उसळीचा जिनांशी मेळ बसत नव्हता. ती सकाळी आठच्या सुमारास यायची, आणि दुपारी तीनच्या. जिना बंद असल्या तरी यायची. आठ आणि तीन. मी ते आकडे पाहत राहायचो आणि काही सुचायचं नाही.

तिसऱ्या दिवशी आर्णीच्या रस्त्यावर टेलिफोनचा एक लाईनमन खांबावर चढलेला दिसला. काम आटोपून तो खाली उतरला, बिडी पेटवून खांबाला टेकून बसला. मी सहज वर पाहिलं. दोन तारा समांतर चाललेल्या, आणि दर काही खांबांनंतर त्या एकमेकींची जागा बदलत होत्या. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. इतकी वर्षं त्या रस्त्यानं गेलो होतो, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

"ह्या तारा अशा काहून फिरवल्या?" मी विचारलं.

"बाजूनं विजेची लाईन जाते ना, भाऊ," तो म्हणाला. "एकच तार सारखी तिच्या जवळ राह्यली तर बोलताना कानात नुसता भुंगा. म्हणून दोघींनं आळीपाळीनं त्रास सोसायचा. मंग एकीतला भुंगा दुसरीतल्यानं फिटते."

मी त्याच्याजवळ खाली बसलो आणि माझी सगळी गोष्ट सांगितली. झाकणामागची सोडून. त्यानं मन लावून ऐकलं.

"तुया तारा एकमेकीले पीळ देऊन ने," तो म्हणाला. "वेणी घालते तशा. अन् जाड तारांपासून दूर ने. जिथं ओलांडाच लागन तिथं आडवं ओलांड, सोबत नको चालू." मग त्यानं बिडीची राख झाडली. "पण ते दोनदा उसळते म्हणतो, ते हे नव्हे. तारेले जमीन, म्हंजे अर्थिंग, कुठी लावली?"

"खोलीत. तबकडीच्या मागं."

"अन् तिकडे?"

"तिकडे नाही लावली."

"पाहून घे. आमच्याकडे जुन्या लाईनले एक तार अन् एक जमीन, असा कारभार होता. लय भोगलं त्यानं. जमिनीवर भरवसा नको ठेवू भाऊ. तिच्यातून कोणाचं काय वाह्यते ते दिसत नाही."

परतताना मी फाटकातून आत शिरलो तर पाणक्या आवारात पाणी मारत होता. कापसाची धूळ बसावी आणि ठिणगी पडली तर पेटू नये म्हणून आवार भिजवत. मी त्याला विचारलं, "दिवसातून कितीदा मारता?"

"दोनदा. सकाळी आठले, अन् आता तीनले."

मी तिथून तीन नंबरच्या गोदामात गेलो. एक आणि दोनमध्ये नळीच्या बुडाशी लाकडी फळी होती. मी स्वतः ती पाहिली होती. तीनचा ढीग दोनदा फोडणाऱ्या एका हमालाला तिथं गाठून नळीच्या बुडाशी काय होतं ते विचारलं. फळी नव्हती. नळी थेट जमिनीत रुतली होती. म्हणजे आमची तार दोन ठिकाणी जमिनीला टेकली होती, एक इथे आणि एक दोनशे पावलांवर. जमीन ओली झाली की तिच्यातून मिळेल ती वीज आमच्या तारेत शिरत होती, आणि सुई तिलाच ढिगाचा ताप समजत होती.

दुसऱ्या दिवशी बाजार होता, जिना बंद. मी सकाळी उजेड पडताच कामाला लागलो. तारा खांबांवरून उतरवल्या, जमिनीवर अंथरल्या आणि एका टोकाला लाकडी दांडा अडकवून फिरवत फिरवत पीळ दिला. पीळ दिल्यावर तारा आखूड होतात हे लक्षात आलं नव्हतं. मागच्या भिंतीवरून, मोटरींपासून दूर, पण सरळ वाट काढली तेव्हा कशाबशा पुरल्या. आवार एकदाच, आडवं ओलांडलं. तबकडीमागची जमिनीची तार काढून टाकली. मग झाकण उघडलंच होतं तर मी केलेला खोटा जोडही काढला आणि तीनच्या तारा तीनला लावल्या. दुपारचे दोन वाजले होते.

मूठ तीनवर फिरवली. सुई चढली आणि थांबली. कंप नाही, उसळी नाही. एकशेअठरा.

मला वाटलं, अजून काहीतरी चुकलंय. एकवर फिरवली: चौऱ्याण्णव. दोनवर: ब्याण्णव. तीनवर: एकशेअठरा. पाणक्याला हाक मारून आवारात पाणी मारायला लावलं. सुई हलली नाही. एक मोटर मोकळी चालवली. सुई हलली नाही. अर्ध्या तासानं ती एकशेएकोणीसवर होती.

सुई पहिल्यांदाच खरं बोलत होती, आणि तीन दिवस मी तिला बोलू दिलं नव्हतं.

मॅनेजर ऑफिसात होते. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "पुन्हा तीन नंबर?"

"या वेळेस खरं आहे, साहेब."

"मागच्या वेळेसही खरंच होतं. बाजारचा दिवस आहे, माणसं कुठून आणू? उद्या पाहू."

मी याडीला शोधायला गेलो. ती बाजाराला गेली नव्हती, गोदामाच्या सावलीत बसून बटव्यातली सुपारी कातरत होती. सकाळी तिनं तीन नंबरमध्ये सळया घातल्या होत्या, कडेला आणि पुढच्या बाजूला. थंड होत्या. मी म्हणालो, "मधोमध घाल. जिथं नळी आहे तिथं. सगळ्यात लांब सळई घे."

"वर चढावं लागन. गुडघे नाही चालत आता."

"मी घालतो. तू हात लावून सांग."

मी ढिगावर चढलो. पाय सरकीत पोटऱ्यांपर्यंत जात होते. दोन सळया जोर लावून खाली उतरवल्या. तासभर थांबायचं होतं. याडी खाली पायरीवर बसली, मी तिच्याजवळ. टिन तडतडत होतं. मला बसवेना. उठायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो.

"बस ना बेटा," ती म्हणाली. "सळई तुयाच्यानं लवकर नाही तापत."

मी बसलो आणि तिला सांगून टाकलं. झाकण, तारा, तीन दिवस. तिनं सुपारी कातरणं थांबवलं.

"मंग हे यंत्र चाललं नाही तर मीच राह्यतो इथं, हे माहीत होतं ना तुले?" तिनं विचारलं.

"होतं."

"अन् चाललं तर मी जातो, हेबी?"

"हो."

"मंग मायासाठी नाही केलं तू हे खोटं."

"नाही. माझ्यासाठी केलं. पुन्हा खोटा ठरायची भीती वाटली."

तिनं अडकित्ता बटव्यात ठेवला. मग म्हणाली, "सळईले हात लावताना मलेबी भेव वाटते. चाळीस वर्सं झाले. एकदा तापलेली सळई मी कोमट म्हटली होती. बाळंतपणावरून आली होती, हात बधिर होते. तवा कोणी मले काढलं नाही, कारण कोणाले समजलंच नाही. पण मले समजलं होतं."

तासानं मी वर चढून पहिली सळई उपसली. खालचा हातभर भाग बोटं लावताच चटका बसावा इतका तापला होता. मी सळई तशीच खाली नेली. याडीनं तळहात टेकवला आणि लगेच काढला. मग पदराचा बोळा करून सळई धरली आणि ती घेऊन सरळ ऑफिसकडे चालू लागली. गुडघे न चालणारी बाई इतक्या वेगानं जाताना मी कधी पाहिली नव्हती.

मॅनेजरनी सळईला हात लावला आणि टोपी घातली. बाजारातून, वस्तीतून मिळतील तेवढी माणसं आणली. उजेड होता तोवर ढीग फोडून झाला. मधोमध, नळीच्या पलीकडे हातभर, बैलगाडीभर सरकी तपकिरी झाली होती, भाजल्या शेंगदाण्यासारखा वास येत होता आणि फावडं घातलं की वाफ निघत होती. दवात भिजलेला कापूस मागच्या पंधरवड्यात आला होता, त्याची सरकी नेमकी तिथे पडली असावी. मुकादम म्हणाला, आणखी दोन दिवस गेले असते तर टिन राहिलं नसतं. सगळी सरकी आवारात पातळ पसरली. कोणाला इजा झाली नाही.

हमाल माझ्या पाठीवर थाप मारून गेले. मॅनेजर म्हणाले, "शेवटी सुई खरी निघाली तुयी." त्या शाबासकीनं अंगात काटे भरल्यासारखं झालं. रात्रभर कूस बदलत राहिलो. सकाळी ऑफिस उघडताच मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि झाकणामागचं सांगितलं.

ते ऐकत गेले. चेहरा बदलला नाही. मग विचारलं, "आणखी कोणाले माहीत आहे?"

"याडीले."

"तिनं सांगितलं असतं का मले?"

"नाही वाटत."

"मंग काहून सांगितलं?"

मी म्हणालो, "राहवत नव्हतं."

त्यांनी मला काढलं नाही. तबकडीचं काम मात्र माझ्याकडून काढून घेतलं. हंगाम संपेपर्यंत मी फक्त मोटरी पाहिल्या. तबकडी रोज सकाळ-दुपार मुकादम पाहायचा आणि त्याच वेळी याडी सळई पाहायची, दोघांचं जुळलं नाही तर ढीग फोडायचा, असा नियम त्यांनी केला. तो मीच सुचवला होता, पण ते कोणाला सांगितलं नाही. तारांना पुढे काही झालं नाही. जिना पूर्ण जोरात चालत असल्या तरी सुई जागची हलत नसे. मोटरीच्या कामाला खोलीत गेलो की मी तिच्याकडे पाहायचं टाळायचो, आणि तरी पाहायचोच.

वडिलांना मी महिन्याभरानं सांगितलं. ते अंगणात खाट विणत होते. हात थांबले, पण त्यांनी वर पाहिलं नाही. "बोट ठेवलं का कोणी?" त्यांनी विचारलं.

"मीच ठेवलं."

ते म्हणाले, "बरं," आणि पुढची दोरी ओढली.

पुढच्या हंगामात याडी आली. त्याच्या पुढच्या हंगामात आली नाही. तिचा मुलगा महागावकडे शेतीला लागला होता, तिकडे गेली असं मुकादम म्हणाला. मी स्वतः आणखी दोन वर्षं राहिलो आणि मग यवतमाळला वीजखात्यात लागलो. तिथे नव्यानं आलेल्या मुलांना तारांना पीळ का द्यायचा आणि जमीन एकाच ठिकाणी का लावायची हे मी शिकवायचो. ते लगेच समजायचं त्यांना. त्यातला एक पोरगा मीटर खोटं दाखवतो म्हणून मीटरवरच चिडला होता. मी त्याला झाकण उघडायला लावलं आणि तो काय करतो ते पाहत शेजारी उभा राहिलो.